नवागत वाचक आणि आपण: ग्रंथालय कर्मचाऱ्यांना पडणारे प्रश्न

परक्या देशातून, परक्या भाषेतून आलेली व्यक्ती ग्रंथालयात येते तेव्हा देवघेव काउंटरवर बसलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, ते इथे गोळा केले आहेत. उत्तरे रोजच्या कामाच्या अंगाने दिली आहेत. काही अडचणी कर्मचाऱ्याच्या हातातल्या नसतात, त्या नियमांत आणि अर्जांत दडलेल्या असतात. तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

नवागत म्हणजे नेमके कोण?

निर्वासित, कामधंद्यासाठी आलेले, त्यांच्या मागोमाग आलेले आईवडील, परदेशी विद्यार्थी, लग्न होऊन नव्या देशात आलेल्या स्त्रिया. यांच्यात साम्य एवढेच, की इथली व्यवस्था अजून त्यांच्या अंगवळणी पडलेली नाही. बाकी सगळे निराळे. एखादी व्यक्ती मायदेशी शल्यचिकित्सक असते आणि इथे अर्जावरची एक ओळ वाचताना अडखळते. दुसरी इथली भाषा भराभर बोलते, पण तिला कोणत्याच भाषेत वाचता येत नाही. ते ती सांगत नाही, "चष्मा घरी राहिला" म्हणते. भाषा न येणे, अक्षरओळख नसणे आणि शिक्षण नसणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन वाक्यांवरून तिन्हींचा निवाडा करू नये.

मला या लोकांच्या रीतिरिवाजांची काहीच माहिती नाही. आधी ती शिकून घ्यायला हवी का?

हवी, पण त्याआधी आपल्या ग्रंथालयाचे रीतिरिवाज ओळखायला हवेत. माझे ठाम मत आहे की काउंटरवरचे बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सवयीमुळे आपल्याला दिसेनाशा झालेल्या गोष्टी बघा. आत यायला पैसे पडतात का? पुस्तकाला आपण होऊन हात लावायचा, की खिडकीपाशी चिठ्ठी देऊन मागायचे? वाचून झालेले पुस्तक कपाटात परत ठेवायचे की टेबलावरच राहू द्यायचे? तान्ह्या मुलाला आणलेले चालते का? काउंटरमागचा माणूस सरकारी अधिकारी आहे का, आणि त्याला दिलेला पत्ता पुढे कोणाकडे जातो? दारावर वेळा लिहिलेल्या असतात, ही उत्तरे लिहिलेली नसतात. ज्याने लहानपणापासून ग्रंथालय पाहिले त्याला ती विचारावी लागत नाहीत. ज्याच्या गावात पुस्तके कुलुपात असायची, किंवा ग्रंथालयच नव्हते, तो दारातून आत डोकावतो आणि परत फिरतो.

भाषा येणाऱ्यांचीही अवस्था फार वेगळी नसते. कॉन्स्टन्स मेलन यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. दर वर्गातल्या ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात माहिती शोधण्याचा पहिला अनुभव भीतीच्या शब्दांत सांगितला होता. बाकी सगळ्यांना येते, आपल्यालाच येत नाही, आणि विचारले तर ते उघडे पडेल, असे त्यांना वाटत होते. यात परक्या भाषेची भर घाला, म्हणजे नवागताच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज येईल.

"अमुक देशाचे लोक असे असतात" अशा याद्या वाचायला हरकत नाही, पण त्या समोरच्या माणसाला चिकटवू नयेत. एकाच देशातून आलेले दोघे धर्माने, वर्गाने, पिढीने आणि स्वभावाने वेगळे असतात. वैद्यकीय शिक्षणात १९९८ साली मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी सांस्कृतिक नम्रतेचा विचार मांडला. दुसऱ्याच्या संस्कृतीत आपण पारंगत झालो असे कधी मानू नये, स्वतःच्या समजुती तपासत राहावे आणि समोरच्यालाच विचारावे, असा त्याचा गाभा. काउंटरवर हा विचार जसाच्या तसा लागू पडतो.

मला त्यांची भाषा येत नाही. बोलायचे तरी कसे?

हळू बोला, मोठ्याने नको. आवाज चढवला की समोरच्याला आपण रागावलो आहोत असे वाटते, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळतात.

एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. हे ऐकायला सोपे वाटते, पण आपल्या तोंडी नियमावलीची भाषा इतकी बसलेली असते की ती सोडवत नाही. हे वाक्य पाहा: "विहित मुदतीत नूतनीकरण न केल्यास नियमानुसार विलंब शुल्क आकारण्यात येईल." तेच असे सांगता येते: "हे पुस्तक १५ तारखेपर्यंत घरी ठेवा. आणखी दिवस हवे असतील तर १५ तारखेच्या आत आम्हाला सांगा. उशीर झाला तर पैसे भरावे लागतात." वाक्ये तीन झाली, पण प्रत्येक वाक्य एकेक करून धरता येते. "१५" हा आकडा सांगताना कागदावर लिहून दाखवा, कॅलेंडरवर बोट ठेवा. ऐकलेल्या आकड्यांत घोटाळा फार होतो.

नकारावर नकार टाळा. "कार्ड नसल्याशिवाय अडचण नाही" असले वाक्य आपल्या माणसालाही दोनदा ऐकावे लागते. वाक्प्रचार टाळा. एकाच गोष्टीला एकच शब्द वापरा: आधी "कार्ड", मग "सभासदपत्र", मग "ओळखपत्र" म्हटले तर समोरचा तीन कागद शोधू लागतो.

विचारल्यावर थांबा. परक्या भाषेत प्रश्न समजून घेणे, मनात उत्तर जुळवणे आणि ते उच्चारणे याला वेळ लागतो. त्या शांततेत आपण घाईने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि शक्य तिथे खुर्चीवरून उठा. "डावीकडून तिसरे कपाट, मधला खण" हे सांगण्यापेक्षा कपाटापर्यंत सोबत जाणे सोपे, आणि वाटेत माणूस मोकळाही होतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा हे एक सूत्र आहे. इथे उठून चालत गेल्यानेच तो वाचतो.

"समजलं का?" विचारले की मान डोलावतात, पण समजलेले नसते. काय करावे?

"समजलं का?" हा प्रश्नच सोडून द्यावा. त्याला "नाही" म्हणणे म्हणजे चारचौघांत स्वतःला कमी ठरवणे, शिवाय सांगणाऱ्याने नीट सांगितले नाही असे सुचवणे. अनेक समाजांत हे उद्धटपणाचे मानतात, म्हणून "हो" येते. तो होकार आदराचा असतो, समजल्याचा असेलच असे नाही. मान हलवण्यावर तर मुळीच विसंबू नये: बल्गेरियात पारंपरिक पद्धतीने मान वरखाली हलवली की "नाही" असा अर्थ होतो.

रुग्णालयांत एक पद्धत वापरतात. सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याकडून ते त्याच्या शब्दांत परत सांगून घ्यायचे. परीक्षा आपली आहे असे सांगून विचारायचे: "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. पुस्तक कधी परत आणायचं, ते तुम्ही मला सांगता का?" उत्तर चुकले तर "नाही हो, तसं नाही" असे न म्हणता "माझं सांगणं अपुरं राहिलं, पुन्हा सांगते" म्हणावे आणि शब्द बदलून सांगावे. करून दाखवणे आणखी चांगले. शोधयंत्रावर पुस्तक कसे शोधायचे हे शिकवताना माऊस त्यांच्या हातात द्या, आपला हात मागे ठेवा.

समोरची व्यक्ती नजरेला नजर देत नाही, किंवा फारच जवळ येऊन उभी राहते. याचा काय अर्थ घ्यावा?

शक्यतो काहीच नाही. कुठे वडीलधाऱ्यांकडे वा अधिकाऱ्याकडे थेट बघणे अनादराचे समजतात, कुठे न बघणे लपवाछपवीचे समजतात.

अंतराचेही तसेच. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतराचे पट्टे मांडले: साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी निकटचे, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीच्यांचे, त्यापुढे ३.६ मीटरपर्यंत कामकाजाचे. हे आकडे प्रामुख्याने अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय लोकांच्या निरीक्षणावरून आले होते आणि इतरत्र ते बदलतात, हे हॉल यांनी स्वतः सांगितले. कोणी फार जवळ आले असे वाटले तर मागे सरकण्याऐवजी थोडे तिरके, बाजूला उभे राहावे आणि दोघांनी मिळून पडद्याकडे किंवा कागदाकडे बघावे. हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करू नये. त्यांनी केला तर घ्यावा. एखाद्या स्त्रीला स्त्री कर्मचाऱ्याशीच बोलायचे असेल आणि ती उपलब्ध असेल, तर कारण न विचारता बोलवावे.

नाव आणि जन्मतारीख लिहिताना नेहमी गोंधळ होतो. त्याचे काय?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नोंदणीच्या पाच मिनिटांत माणूस सर्वांत जास्त इथेच दुखावतो. "पहिले नाव, मधले नाव, आडनाव" हा साचा जगभर चालत नाही. चिनी, कोरियन, जपानी आणि हंगेरियन पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते. स्पॅनिश भाषक देशांत दोन आडनावे असतात, त्यांतले पहिले "मधले नाव" समजून गाळले जाते. आइसलँडमध्ये बहुतेकांच्या नावाचा दुसरा भाग आईच्या किंवा वडिलांच्या नावावरून येतो, म्हणून बाप-लेकीचा तो सहसा वेगळा असतो. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असते आणि संगणक रिकामा रकाना पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी काय भरायचे हे ग्रंथालयाने एकदा ठरवून सगळ्यांना सांगितले पाहिजे. नाहीतर एकाच व्यक्तीच्या तीन नोंदी होतात आणि राखून ठेवलेले पुस्तक सापडत नाही.

विचारताना असे विचारावे: "कागदपत्रावर तुमचं नाव कसं आहे? आणि आम्ही तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" दोन्ही उत्तरे लिहून घ्यावीत. उच्चार जमत नसेल तर पुन्हा म्हणून दाखवायची विनंती करावी, आपल्याला सोपे पडेल असे नाव परस्पर ठेवू नये.

जन्मतारखेचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी ही तारीख खूपदा दिसते. जन्माची नोंदच नसली की अधिकारी वर्षाला ती तारीख जोडून देतात. एका कुटुंबातल्या चौघांचा वाढदिवस १ जानेवारीला आला म्हणून भुवया उंचावण्याचे कारण नाही. कालगणनाही वेगळी असू शकते. इथियोपियाच्या पंचांगात १३ महिने असतात आणि ते आपल्या वापरातल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. इराणी सौर वर्ष १३७० म्हणजे इसवी सन १९९१-९२. पुस्तकावर "०३/०४" असा शिक्का मारला तर तो ३ एप्रिल की ४ मार्च, हे देशागणिक बदलते. महिना अक्षरांत लिहावा.

आईबरोबर शाळकरी मुलगी येते आणि दुभाष्याचे काम करते. चालेल का?

बालविभाग कुठे आहे, गोष्टींचा कार्यक्रम कधी आहे, एवढ्यासाठी चालेल. दंड, थकबाकी, आजारपण, कोर्टकचेरी, घरातले भांडण अशा विषयांत चालणार नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून आईला "तुम्ही पैसे थकवले आहेत" हे ऐकवणे दोघींवरही अन्याय आहे. मुले घाबरून किंवा आईला वाईट वाटू नये म्हणून अर्धे गाळतातही. त्याऐवजी दूरध्वनीवरचा दुभाष्या, ती भाषा येणारा सहकारी किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक शोधावा. दुभाष्या असताना आपण बघायचे आणि बोलायचे ते आईशी. "यांना विचारा की…" असे नाही, "तुम्हाला कोणती पुस्तकं हवी आहेत?" असे थेट.

मोबाइलवरचे भाषांतर वापरले तर?

वापरावे. वाक्ये तोकडी ठेवावीत आणि आलेले भाषांतर पुन्हा आपल्या भाषेत फिरवून बघावे, मोठी चूक बहुधा तिथे सापडते. कमी लिहिल्या जाणाऱ्या भाषांत ही यंत्रे जास्त चुकतात. ओळखपत्राचे क्रमांक, आजाराची माहिती, वकिलाचे पत्र असले काही त्यात टाकू नये. सभासदत्वाचे नियम मात्र यंत्रावर सोडू नयेत. एकदा माणसाकडून नीट भाषांतर करून छापून ठेवावेत, आणि ती भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावेत.

पत्त्याचा पुरावा मागितला की लोक बिचकतात. नियम तर पाळावाच लागतो.

पाळावा, पण कारणासकट मागावा. ज्या माणसाच्या आयुष्यात कागद मागणारी व्यक्ती म्हणजे धोका होता, त्याला काउंटरवरची मागणी तशीच वाटते. "पुस्तक परत आलं नाही तर कळवायला पत्ता लागतो. तुम्ही काय वाचता ते आम्ही कोणाला सांगत नाही." ही दोन वाक्ये आधी म्हणावीत. अर्थात ती खरी असली पाहिजेत. ग्रंथालय कोणती माहिती किती काळ ठेवते आणि कायद्याने कोणाला द्यावी लागू शकते, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक हवे, खोटा दिलासा देऊ नये.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपुलकीचा असला तरी नोंदणीच्या वेळी टाळावा. त्याऐवजी "कोणत्या भाषेत वाचायला आवडेल?" असे विचारावे, कामाची माहिती तेवढीच असते. आणि जो तात्पुरत्या निवाऱ्यात राहतो त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा येणार कुठून? इथे कर्मचाऱ्याच्या गोड बोलण्याने काही होत नाही, नियमच बदलावा लागतो. निवारा केंद्राचे पत्र चालवावे, किंवा कमी पुस्तकांचे तात्पुरते कार्ड द्यावे. असे लोक परत जाताना दिसले तर त्याची नोंद वरिष्ठांपर्यंत पोहोचवणे हेही आपलेच काम.

कोणी व्हिसाचा अर्ज घेऊन येतो आणि "यात काय लिहू?" विचारतो. सांगावे का?

अर्ज कुठे मिळतो, सरकारी संकेतस्थळावरची सूचना कुठे आहे, विनामूल्य कायदेशीर मदत कोण देते, हे सांगावे, छापूनही द्यावे. कोणत्या रकान्यात काय लिहिले तर काम होईल, हे सांगू नये. चुकीच्या एका खुणेने कोणाचा तरी मुक्काम धोक्यात येऊ शकतो. फक्त "ते आमचं काम नाही" म्हणून माणसाला वाटेला लावू नका. कुठे जायचे, कोणत्या वेळी, सोबत कोणते कागद न्यायचे, एवढे लिहिलेली चिठ्ठी हातात द्या.

कुटुंबेच्या कुटुंबे येतात, मोठ्याने बोलतात. कसे सांगावे?

जे जुन्या सभासदांना सांगता तेच, त्याच सुरात. आधी जाऊन जागा दाखवावी: "इथे बसून बोलता येतं, मुलांनाही खेळता येतं. त्या खोलीत मात्र सगळे शांत वाचतात." ओठांवर बोट ठेवून दुरून "शू" करणे सगळ्यांत वाईट.

त्यांच्या भाषेतली पुस्तके कशी निवडावीत? आम्हाला तर ती लिपीही वाचता येत नाही.

त्या भाषेच्या वाचकांना निवडीत बसवावे, एकालाच नव्हे तर वेगवेगळ्या गटांतल्या दोघा-तिघांना, कारण प्रत्येक भाषेत राजकीय आणि धार्मिक तट असतात. देणगीत आलेली जीर्ण पाठ्यपुस्तके एका फळीवर लावून "आमच्याकडे तुमच्या भाषेतलीही पुस्तके आहेत" म्हणू नये. मुलांची द्विभाषिक पुस्तके, अलीकडच्या कादंबऱ्या, नवी भाषा शिकण्याची पुस्तके आणि वाहन परवान्याच्या परीक्षेचे साहित्य लगेच उपयोगी पडते.

कपाटातल्या बारीक गोष्टी फार बोलतात. अरबी, फारसी, उर्दू, हिब्रू पुस्तके उजवीकडून उघडतात. आपण ज्याला मलपृष्ठ समजतो तेच त्यांचे मुखपृष्ठ. तिथे बारकोड आणि शिक्के मारले की पुस्तकाचे नाव झाकले जाते, आणि कपाटावर मांडताना पुस्तक वाचकाकडे पाठ करून उभे राहते. पुस्तक घेणाऱ्याच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येते. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, मूळ लिपीतले नावही असावे. रोमन अक्षरांत लिहिलेले आपल्याच भाषेतले शीर्षक ओळखायला वाचकाला कष्ट पडतात. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या, १८७६ साली सुरू झालेल्या ड्युई वर्गीकरणात धर्माच्या २०० ते २९९ या पट्ट्यातला बहुतांश भाग ख्रिस्ती धर्माकडे आहे आणि जगातले बाकीचे बहुतेक सगळे धर्म २९० च्या घरात दाटीवाटीने बसवले आहेत. क्रमांक आपण बदलू शकत नसलो, तरी कपाटावरच्या पाटीवर "इतर धर्म" न लिहिता त्या त्या धर्माचे नाव लिहू शकतो.

वरिष्ठांकडे निधी मागताना आधार लागतो. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने बहुसांस्कृतिक ग्रंथालयाचा जाहीरनामा २००६ साली मंजूर केला आणि युनेस्कोने २००९ साली त्याला मान्यता दिली. भेदभाव न करता सेवा, योग्य भाषांत आणि लिप्यांत माहिती, सर्व समुदायांचे साहित्य, आणि समाजातले वैविध्य दिसेल असा कर्मचारीवर्ग, ही त्यातली चार तत्त्वे. चौथे तत्त्व सर्वाधिक दुर्लक्षित राहते. ती भाषा बोलणारा एक सहकारी आमच्या शंभर भाषांतरित पत्रकांपेक्षा जास्त काम करतो, असे मला वाटते. फक्त त्याच्या भाषेचे काम त्याच्या नेहमीच्या कामावर फुकट लादू नये.

जुने सभासद म्हणतात, "यांचेच लाड चालले आहेत." काय उत्तर द्यावे?

वाद घालू नये, नवागताच्या देखत तर नाहीच. "सोप्या भाषेतला अर्ज सगळ्यांसाठी आहे, तुम्हीही तोच भरा" एवढे पुरते, कारण ते खरे आहे. ज्येष्ठांना, कमी शिकलेल्यांना, घाईत असलेल्यांना तो अर्ज तितकाच उपयोगी पडतो. कोणी नवागताला उद्देशून अपमानकारक बोलले, तर मात्र गप्प राहू नये. "इथे असं बोललेलं चालत नाही" असे शांतपणे सांगावे आणि मग नवागताकडे वळून त्याचे काम पुढे चालू ठेवावे.

आपले काम जमते आहे, हे कशावरून ओळखावे?

किती कार्डे दिली यावरून नव्हे. कार्ड घेतलेल्यांपैकी तीन महिन्यांनी किती जण पुन्हा आले, कार्यक्रमांना कोण येते आणि कोण कधीच येत नाही, हे मोजावे. समाधानाचे छापील प्रश्नपत्रक नवागतांना दिले तर सगळे "उत्तम"वर खूण करतात, ते आदरापोटी. जे आले आणि परत फिरले त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर ग्रंथालयाबाहेर जावे लागते: भाषावर्गात, शाळेच्या फाटकापाशी, प्रार्थनास्थळाच्या आवारात. तिथे त्यांच्याच भाषेत, त्यांच्यातल्याच कोणाकडून एक प्रश्न विचारून घ्यावा: "तुम्ही ग्रंथालयात आलात तेव्हा कुठे अडलात?" मिळालेल्या उत्तरांतली ज्याला पैसे लागत नाहीत अशी एक गोष्ट त्याच आठवड्यात बदलावी, आणि बदलली आहे हे विचारणाऱ्याकरवी त्यांना कळवावे.